पाण्याखालचं गाव कागदावर: मामांच्या लहानपणाची अॅनिमेशन फिल्म घरी कशी केली

आधीच सांगून ठेवतो, मी कुठल्या कॉलेजात अॅनिमेशन शिकलेलो नाही. माझं फ्लेक्सचं दुकान आहे, भावी सरपंचांच्या फोटोमागचं बॅकग्राउंड उडवण्यात पंधरा वर्षं गेली, बाकी जे काय येतं ते यूट्यूब बघून. पण घरात एखादं लिहिणारं म्हातारं माणूस असेल आणि त्याच्या लहानपणाच्या जागा आता जागेवर राहिल्या नसतील, तर चार मिनिटांची अॅनिमेशन फिल्म घरी बसून होते, हे मी छातीठोक सांगतो, कारण मी केली. चौदा महिने लागले. त्यातले सहा महिने नुसत्या चुका निस्तरण्यात गेले, ते तुमचे वाचावेत म्हणून हे लिहू राहिलो.

माझे थोरले मामा ७८ वर्षांचे. जन्मभर कथा लिहिल्या, दिवाळी अंकात छापून आल्या, तीन पुस्तकं झाली. गाव गंगथडीचं. आमच्याकडं गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी केली आणि १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, या मधल्या वर्षांत मामांचं गाव उठलं आणि मागून पाणी आलं. (जायकवाडी हे गाव खरं तर बीड जिल्ह्यातलं, धरण आधी तिथं व्हायचं होतं, झालं पैठणला, नाव मात्र तेच चिकटलं.) आता कुणी म्हणेल की मग कॅमेरा घेऊन जायचं ना गावी, अॅनिमेशनचा कुटाणा कशाला? तर जाऊन शूटिंग कशाचं करणार, पाण्याचं?

आधी आवाज, चित्र नंतर

माझी पहिली चूक हीच. मी उत्साहात वाडा काढायला बसलो, वीस-पंचवीस चित्रं केली, मग मामांचा आवाज रेकॉर्ड केला आणि कळलं की ते वाड्याबद्दल बोलतच नाहीत, ते मोटेबद्दल बोलतात, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायच्या चामडी पिशवीबद्दल. सगळी चित्रं वाया. त्यामुळं पहिला महिना पेन्सिलीला हात लावू नका, नुसतं रेकॉर्डिंग करा.

पण लिहिणाऱ्या माणसाचं रेकॉर्डिंग करणं इतरांपेक्षा अवघड असतं हे ध्यानात घ्या. "मामा, लहानपण सांगा" म्हटलं की ते छापील सांगायला लागतात. तीच वाक्यं, तेच विराम, आधी तीन कथांत लिहून झालेलं. ऐकायला गोड लागतं पण फिल्मला त्याचा उपयोग शून्य. मला उपाय अपघातानं सापडला. मी म्हटलं, मामा, सांगू नका काही, घराचा नकाशा काढून दाखवा. जुन्या वहीचं पान आणि पेन दिलं. हात चालू झाला आणि तोंडातून भलतंच यायला लागलं, "हे पाच खणाचं माळवद, इथं देवळी, देवळीत चिमणी, तिची काजळी भिंतीवर अशी चढलेली, आन् इथं, इथं मी हाली पैसे पुरून ठेवले व्हते रे, चारमिनारवाले, ते तसेच राह्यले." (हाली पैसे म्हणजे निजामाच्या राज्यातलं नाणं.) हे कुठल्याच पुस्तकात नाही. म्हणजे प्रश्न विचारू नका, हाताला काम द्या. नकाशा काढायला लावा, नाहीतर शेंगा फोडायला बसवा, काहीही.

रेकॉर्डिंगला महागडा माइक लागत नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका, तोंडापासून वीतभर लांब आणि जरासा बाजूला ठेवा म्हणजे प, फ, भ चे फुसके मारत नाहीत. खोलीत भिंतींवर, दाराला गोधड्या टांगा, आवाज घुमत नाही. पंखा बंद. मे महिन्यात पंखा बंद करून ७८ वर्षांच्या माणसाला बसवणं हा गुन्हा आहे, म्हणून सकाळी सहा-सातला करा, चहा झाल्यावर लगेच. आणि सगळे गप्प बसून अर्धा मिनिट रिकाम्या खोलीचा आवाजही रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी हे आवाजाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात तो रिकामा तुकडा सिलेक्ट करून नॉइज रिडक्शनला नमुना म्हणून द्यायचा, मग बाकीच्या रेकॉर्डिंगवर तेच इफेक्ट चालवायचं, सूं सूं जातं. जास्त खेचू नका, आवाज रांजणातून आल्यासारखा होतो.

माझ्याकडं सहा तास जमलं. मामा मिनिटाला ऐंशी-नव्वद शब्द बोलतात, त्यात मध्ये थांबतात. चार मिनिटांच्या फिल्मला मी अडीचशे शब्द ठेवले, बाकी शांतता. ही छाटाछाटी करताना मामांना शेजारी बसवू नका. ते लेखक आहेत, त्यांना प्रत्येक वाक्य लागतं.

हिशोब

हा करायला सगळे टाळतात आणि मग दोन महिन्यांत प्रोजेक्ट बंद पडतो. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम चालते. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी डोळ्याला चालतं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद, म्हणजे २८८० चित्रं. दुकान सांभाळून रोज दहा काढली तरी २८८ दिवस, आणि रोज दहा होत नाहीत, लग्नसराईत आणि इलेक्शनमध्ये तर एकही होत नाही. त्यामुळं काढायचं कमी कसं, हे शोधणं हेच खरं काम. माझी शेवटी साडेसातशेच्या आसपास भरली.

सगळ्यात मोठी बचत मोटेनं करून दिली. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी, बैल धावेच्या उतारावरून खाली जातात, नाडा ताणला जातो, चामड्याची मोट विहिरीतून वर येते, सोंदूर म्हणजे सोंडेची दोरी ओढली की सोंड थारोळ्यात, म्हणजे वरच्या कुंडीत, मोकळी होते, पाणी भस्सकन पडतं, आणि मग बैल तोंड न फिरवता मागं मागं सरकत धाव चढतात, मोट परत खाली. आता यात गंमत बघा, बैल जसे गेले तसेच उलटे आले. म्हणजे जातानाची ३६ चित्रं काढली की येताना तीच उलट क्रमानं लावायची! फक्त मागं सरकताना बैल सावकाश असतात, म्हणून उलट लावताना प्रत्येक चित्र दोनऐवजी तीन फ्रेम धरलं. जायला ३ सेकंद, यायला साडेचार, ३६ चित्रांत साडेसात सेकंद, आणि ती तीनदा फिरवली की साडेबावीस सेकंद झाले. पाणी तेवढं वेगळ्या लेयरवर, म्हणजे वेगळ्या थरावर, कारण पाणी उलटं चालवलं तर थारोळ्यातून मोटेत उडी मारतं. मी आधी तेच केलं होतं, दोन दिवस घरात सगळे हसत होते.

असं काहीतरी फिरत राहणारं तुमच्याही म्हाताऱ्याच्या लहानपणात असणारच. जातं, पाळणा, रहाट, झोका. ते शोधा आणि फिल्मच्या मधोमध ठेवा.

माणूस कसा काढायचा

माझं चित्र बरं नाही, बैल निघतो, माणूस निघत नाही. पण पैठण परिसरात पूर्वी चित्रकथी लोक रामायण-महाभारतातल्या कथा कागदावरची चित्रं एकेक दाखवत गाऊन सांगायचे, त्या चित्रांचा मोठा संग्रह पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आहे. त्यात माणसं बहुतेक एका बाजूनं दिसणारी, डोळे हे मोठाले, कडा ठसठशीत, रंग सपाट. हे बघितलं आणि जीव भांड्यात पडला. एका बाजूनं दिसणारा माणूस कटआउटला एकदम सोपा. डोकं, धड, दंड, हात, मांडी, पोटरी वेगवेगळे कापायचे आणि सांध्यावर फिरवायचे, प्रत्येक वेळी नव्यानं काढायची गरज नाही. नक्कल करू नका, पण युक्ती घ्यायला हरकत नाही, शेवटी चित्र दाखवत गोष्ट सांगायचा धंदा आपल्याकडं सिनेमाच्या कितीतरी आधीपासून चालू होता.

म्हातारे मामा आणि आठ वर्षांचे मामा हे एकच माणूस आहे हे प्रेक्षकाला सांगावं लागता कामा नये. चेहरा सारखा करायच्या नादी लागू नका, तो जमत नाही. एखादी खोड उचला. मामा ऐकताना मान डावीकडं टाकतात आणि उजव्या हातानं कानाची पाळी धरतात, तेवढं दोघांना दिलं, झालं काम. फरक चालण्यात दाखवायचा. साधारण माणसाला एका पावलाला १२ फ्रेम धरतात, म्हणजे अर्धा सेकंद. आत्ताच्या मामांना मी २० दिल्या, पोरग्याला ८. पोरगं चालतच नाही खरं, पळतंच.

मापानं काढू नका

आता जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त रडलो ते इथं.

गाव उठलं तेव्हा लोकांनी दारं, चौकटी, तुळया उपसून नव्या गावठाणात आणल्या. मामांच्या वाड्याचा मोठा दरवाजा आजही आहे, नव्या घराच्या गोठ्याला बसवलाय. मी टेप घेऊन गेलो, मोजला, साडेसहा फूट. फोटो काढले, प्रत्येक खिळा, कडी, सगळं घेतलं आणि एकदम तंतोतंत दरवाजा काढला. मामांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. "हा कुणाचा काढला?" म्हटलं तुमचाच, मोजून आणलाय. "न्हाई बाबा, आमचा न्हाई हा. आमच्या दरवाज्यातून अंबारीसगट हत्ती गेला आसता."

मी चिडलो. मोजलेलं खोटं कसं असेल? मग दोन दिवसांनी गोठ्यात बहिणीचा पोरगा त्या कडीला हात पुरेना म्हणून उड्या मारताना दिसला आणि डोक्यात ट्यूब पेटली. आठ वर्षांच्या पोराचा डोळा जमिनीपासून पावणेचार फुटांच्या आसपास असतो. चित्रात क्षितिजाची रेघ म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची. मी माझ्या डोळ्यानं काढत होतो, सव्वापाच फुटांवरून. रेघ पावणेचारवर आणली, कडी रेघेच्या वर गेली, दरवाज्याच्या बाजूच्या कडा वर जाताना जराशा आत झुकवल्या, आणि तोच साडेसहा फुटी दरवाजा आभाळाला टेकला. मामा काही बोलले नाहीत, नुसती मान डावीकडं टाकली, कान धरला.

तर नियम असा की लहानपणाचा प्रत्येक सीन पोराच्या डोळ्याच्या उंचीवरून, आणि आत्ताचा प्रत्येक सीन म्हाताऱ्याच्या. आणि याच्यातच आत्तातून तेव्हात कसं जायचं त्याचं उत्तर पण मिळालं. ते धूसर होणं, लाटा लाटा येणं, सेपिया कलर, असलं काही करू नका, फार झालंय ते. माझ्या फिल्ममध्ये मामा मे महिन्यात नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या, उघड्या पडलेल्या गाळावर उभे आहेत, चपलेत खडा गेला म्हणून खाली बसतात, कॅमेरा त्यांच्याबरोबर खाली येतो, ते उठतात पण कॅमेरा खालीच राहतो, आणि उठलेला असतो तो पोरगा, समोर दरवाजा. एकही इफेक्ट नाही.

जे आठवत नाही ते भरू नका, हेही तितकंच महत्त्वाचं. गुरुजींचा चेहरा मामांना आठवत नाही, धोतराचा सोगा आणि छडी आठवते. तर मी कंबरेपासून खालचेच गुरुजी काढले. माजघराच्या आतल्या खोलीत काय होतं तेही आठवत नव्हतं, बाळंतिणीची खोली, पोरांना आत सोडत नसत. नुसतं बंद दार काढलं, बाकी कागद कोरा. गूगलवरून जुन्या घरांचे फोटो बघून मी पाटा-वरवंटा, उतरंड, कणगी सगळं भरू शकलो असतो, पण मग ते मामांचं घर राहिलं नसतं, प्रदर्शनातलं घर झालं असतं.

काळाच्या चुका

या चुका म्हाताऱ्यालाच पकडू द्या, ते फार आवडीनं पकडतात. मी पाणी ओसरलेल्या जागेचे फोटो रेफरन्सला घेतले आणि लहानपणाच्या सीनमध्ये वेडी बाभूळ आणि गाजरगवत काढून बसलो. गाजरगवताची आपल्याकडं पहिली नोंदच पन्नाशीच्या दशकात पुण्यात झाली, ते मामांच्या लहानपणी, १९५५ ला, गंगथडीच्या बांधावर कुठून येणार. गावरान बाभूळ, कडुनिंब, बोरी, एवढंच ठेवलं. विजेचे खांब पुसले. पोराच्या हातात नवा पैसा दिला होता, तो १९५७ चा, तोही काढून घेतला. नकाशा दाखवणार असाल तर १९५६ च्या आधी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता हे लक्षात ठेवा, महाराष्ट्राचा नकाशा दाखवू नका.

पण सगळ्यात भारी चूक आवाजाची. हिवाळ्यात नाथसागरावर जाऊन पहाटे मस्त पाखरांचा आवाज रेकॉर्ड केला, त्यात फ्लेमिंगो पण होते, आणि तो नदीच्या सीनखाली टाकला. मामा म्हणाले, "लेका, हे पाखरू धरण झाल्यावर आलं. ह्याला तव्हा आमच्या गावाचा पत्ताच नव्हता." मी काढून टाकला. आत्ताच्या सीनखाली मात्र तोच ठेवला, तिथं तो बरोबर बसतो. मोटेच्या चाकाची कुरकुर कुठं मिळेना, शेवटी विहिरीवरच्या जुन्या लाकडी रहाटाची घेतली आणि थोडी स्लो केली.

सामान

फार खर्च नको. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा चालतो. बॅकग्राउंड क्रितामध्ये, हलणारी माणसं ब्लेंडरच्या ग्रीस पेन्सिलमध्ये, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. ओपनटून्झ पण फुकट आहे, मला झेपलं नाही, तुम्हाला झेपलं तर बघा. नुसता फोन असेल तर फ्लिपाक्लिप अॅपवर सुरुवात करा.

कागदावरच काढायचं असेल तर रिकाम्या तेलाच्या डब्याचं तोंड कापा, वर काच, आत एलईडी बल्ब, झाला लाइटबॉक्स. कागदांना पंचिंग मशीननं भोकं पाडा आणि दोन खिळ्यांवर बसवा म्हणजे चित्रं सरकत नाहीत. फोन स्टँडला बांधून एकेक फोटो. इथं फोनचा एक्सपोजर (उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) लॉक करायलाच लागतो, नाहीतर फोन प्रत्येक फोटोला स्वतःच्या मनानं उजेड बदलतो आणि फिल्म फडफडते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, बल्बची लपलप पकडली जात नाही. खिडकी बंद करून रात्री काम करा. लाइट जाते तेव्हा झोपा.

मराठी सबटायटल टाकताना काही सॉफ्टवेअर जोडाक्षरं फोडतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो. युनिकोड फॉन्ट वापरा, तरी फुटलं तर ती ओळ दुसरीकडं टाइप करून तिचं पीएनजी चित्र करून चिकटवा, आम्ही फ्लेक्सवाले वर्षानुवर्षं हेच करतो. मामांची बोली मात्र सबटायटलमध्ये सुधारू नका. "तव्हा" आहे तर "तव्हा"च राहू द्या.

आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चौदा महिन्यांच्या कामाचा चिखल होतो. मामांच्या छापील कथेतलं एक वाक्य वापरलं होतं, त्यासाठी त्यांची आणि प्रकाशकाची लेखी परवानगी घेतली, घरचं काम असलं तरी घ्या.

दाखवताना

मोबाइलवर दाखवू नका. टीव्हीला जोडा, पडदे लावा, पाहुणे बोलावू नका. मी, मामी आणि मामा. मोट आली तेव्हा मामा बैलांना नावानं हाक मारून "हो, हो, आस्ते" म्हणाले. गुरुजींचं धोतर आलं तेव्हा हसले. आतल्या खोलीचं बंद दार आलं, फिल्म पुढं गेली, संपली, नावं येऊन गेली, तरी गप्पच. मला वाटलं आवडली नाही.

मग म्हणाले, "ते दार बंद नव्हतं रे. फट व्हती. शेपा-ओव्याची धुरी यायची त्यातून, आन् आई आतून म्हणायची, कोण हाय तिथं, मी म्हणायचो कुणी न्हाई."

हे सहा तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये कुठंच नव्हतं. लगेच फोन काढला, पंखा बंद केला, परत बोलायला लावलं. आठ सेकंदांचा सीन झाला, म्हणजे ९६ चित्रं, आणि धूर उलटा लावून चालत नाही, प्रत्येक नवंच काढावं लागतं. आजपर्यंत ३४ झालीत.